अंडाशयाचा कॅन्सर आणि रिपोर्टमधल्या रोगप्रतिकारक पेशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात पॅथॉलॉजिस्ट आहे. ऑपरेशनमधून निघालेल्या गाठी कापायच्या, रंगवायच्या आणि मायक्रोस्कोपखाली बघायच्या, हे माझं रोजचं काम. अंडाशयाच्या कॅन्सरच्या रिपोर्टवर, विशेषतः मुंबई-पुण्याहून आलेल्या, हल्ली 'सीडी८', 'टीआयएल' (गाठीत शिरलेल्या पांढऱ्या पेशी), 'पीडी-एल१' अशी अक्षरं दिसतात. मग माझ्या व्हॉट्सॲपवर फोटो येतात. फोटो तिरका, निम्मा रिपोर्ट अंगठ्याखाली, आणि खाली एकच ओळ: "मॅडम, हे चांगलं का वाईट?"

पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी कळेल. उपचाराचा निर्णय मात्र तुमच्या ऑन्कोलॉजिस्टकडेच. मी काच वाचते, पेशंट तपासत नाही.

१. आईच्या रिपोर्टमध्ये 'सीडी८ पॉझिटिव्ह' आलंय. कॅन्सर जास्त पसरलाय का?

नाही. सीडी८ ही कॅन्सरच्या पेशीची खूण नाही. ती आईच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशींची, म्हणजे टी-लिम्फोसाइटमधल्या एका जातीची खूण आहे. या पेशी बिघडलेल्या पेशींना गाठून मारतात. गाठीत त्या सापडल्या याचा अर्थ शरीराला शत्रूचा पत्ता लागलाय आणि काही शिपाई तिथवर पोचलेत. आपल्याकडे 'पॉझिटिव्ह' हा शब्द कानावर पडला की घर हादरतं, त्यात कोरोनाने भर घातली. इथे तो शब्द बहुतेक वेळा बऱ्या बातमीच्या बाजूचा आहे. किती बरी, ते प्रश्न ४ मध्ये.

२. सीडी४ म्हणजे एचआयव्हीची टेस्ट ना? न विचारता कशी केली?

हा प्रश्न दबक्या आवाजात, बहुतेक वेळा थोरल्या मुलाकडून येतो. एचआयव्हीची टेस्ट वेगळी असते आणि ती संमतीशिवाय करत नाहीत. एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रावर, रक्तातल्या सीडी४ पेशी मोजतात, म्हणून हे नाव आपल्याकडे त्याच आजाराला चिकटलं. प्रत्यक्षात सीडी४ पेशी ही टी पेशींचीच एक जात, ती तुमच्यात, माझ्यात, सगळ्यांत असते. पेशींच्या पृष्ठभागावरच्या रेणूंना जगभर एकच नाव असावं म्हणून १९८२ मध्ये पॅरिसला शास्त्रज्ञ जमले, तेव्हापासून हे 'सीडी' क्रमांक चालत आले. सोलापुरातल्या पेठांच्या घर नंबरासारखंच समजा. ८ नंबरचं घर ४ नंबरापेक्षा मोठं असतं असं काही नाही.

३. काचेवर तुम्हाला नक्की दिसतं तरी काय?

गाठीचा तुकडा मेणात बसवलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. मायक्रोटोमवर त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप निघतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कोमट पाण्यावर तो काप सायीसारखा तरंगतो, तो अलगद काचेवर उचलून घ्यायचा. पंखा चालू राहिला तर गेलाच.

मग त्या काचेवर सीडी८ ला चिकटणारी अँटीबॉडी सोडतो. जिथे ती चिकटते तिथे शेवटी तपकिरी रंग उठतो. बाकीच्या पेशींचे केंद्रक निळे रंगवलेले असतात. मायक्रोस्कोपखाली निळ्या गर्दीत तपकिरी कडा असलेले बारीक गोल दिसतात, शेंगा चटणीत लाल तिखटाचे कण उठून दिसावेत तसे. मी ते मोजते. मोजताना दोन गोष्टी पाहायच्या: किती आहेत, आणि कुठे आहेत. त्यातलं 'कुठे' जास्त महत्त्वाचं (प्रश्न ५).

रिपोर्टमध्ये आणखी नावं असतील तर थोडक्यात: सीडी३ म्हणजे सगळ्या टी पेशी, सीडी२० म्हणजे बी पेशी, सीडी६८ आणि सीडी१६३ म्हणजे मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या पेशी), फॉक्सपी३ म्हणजे आवर घालणाऱ्या टी पेशी.

४. या पेशी जास्त असल्या तर आयुष्य वाढतं असं नेटवर वाचलं. खरं आहे का? किती फरक पडतो?

पेशी जास्त असलेल्या रुग्णांच्या गटात आयुष्य जास्त दिसतं, हे खरं. पण 'गटात' हा शब्द सोडून पुढे जाऊ नका.

या विषयाला तोंड फुटलं २००३ मध्ये. प्रगत अवस्थेतल्या १८६ गाठी तपासल्या गेल्या. ज्यांच्या गाठीच्या आत टी पेशी होत्या त्यांच्यातल्या ३८ टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होत्या, ज्यांच्यात नव्हत्या त्यांच्यातल्या फक्त ४.५ टक्के. इतका मोठा फरक बघून सगळेच चमकले. २००५ मध्ये ११७ रुग्णांच्या अभ्यासात सीडी८ पेशींवर नेमकं बोट ठेवलं गेलं: गाठीच्या आत त्या जास्त असणाऱ्यांचं मध्यक आयुष्य ५५ महिने, कमी असणाऱ्यांचं २६.

माझा भरवसा मात्र २०१७ च्या अभ्यासावर जास्त आहे, कारण तो अवाढव्य होता. अनेक देशांतल्या ५,५७७ गाठी होत्या आणि मोजण्याची पद्धत सगळ्यांना एकच. त्यातल्या हाय-ग्रेड सिरस या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात पायऱ्या स्वच्छ दिसल्या. मायक्रोस्कोपच्या मोठ्या पॉवरखाली एका वेळी दिसणाऱ्या क्षेत्रात सीडी८ पेशी एकही नसतील तर मध्यक आयुष्य २.८ वर्षं, एक-दोन असतील तर ३, तीन ते एकोणीस असतील तर ३.८, आणि वीस किंवा जास्त असतील तर ५.१ वर्षं.

आता मध्यक म्हणजे काय ते समजून घ्या, कारण इथेच घरोघरी गोंधळ होतो. शंभर जणींना आयुष्याच्या क्रमाने उभं केलं तर मधली जिथे येते तो आकडा. निम्म्या त्याच्या आधी गेल्या, निम्म्या त्यानंतरही राहिल्या, काही तर दहा-दहा वर्षं. २.८ वर्षं ही तुमच्या आईला मिळालेली तारीख नाही. एका मुलाने हा आकडा वाचून बहिणीचं लग्न घाईने गड्ड्याच्या यात्रेआधी उरकलं. आई त्या लग्नातही होती आणि पुढच्या तीन यात्रांतही.

५. रिपोर्टमध्ये 'स्ट्रोमल' आणि 'इंट्राएपिथेलियल' असे दोन आकडे आहेत. कुठला बघायचा?

दुसरा.

आपला भुईकोट डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला सिद्धेश्वर तलाव, बाकी बाजूंना खंदक. वेढा घालणारं सैन्य कितीही मोठं असो, ते खंदकापलीकडे तळ ठोकून बसलं असेल तर आतल्यांना फरक पडत नाही. तट ओलांडून आत उतरलेले वीस जण मात्र लढाई फिरवतात. गाठीतही कॅन्सरच्या पेशींचे पुंजके असतात आणि त्यांच्याभोवती आधाराची ऊती असते. त्या ऊतीला स्ट्रोमा म्हणतात, तो आपला खंदक. थेट पुंजक्याच्या आत, कॅन्सरच्या पेशींना खेटून असलेल्या सीडी८ पेशी त्या इंट्राएपिथेलियल. वरच्या अभ्यासांचे आकडे मुख्यतः या आतल्या पेशींचे आहेत.

म्हणून काही रिपोर्टमध्ये आकड्याऐवजी वर्णन असतं: पेशी आत शिरलेल्या, काठावर अडकलेल्या, किंवा कुठेच नाहीत. काठावर अडकणं ही मधली, चकवणारी स्थिती. तिथे एकूण संख्या भरपूर दिसते आणि नातेवाईक खूश होतात.

६. म्हणजे गाठीतल्या सगळ्या रोगप्रतिकारक पेशी आपल्याच बाजूच्या?

नाही ना! हीच यातली गंमत आहे, आणि वैतागही.

फॉक्सपी३ ची खूण असलेल्या टी-रेग पेशींचं काम लढाई थांबवणं. निरोगी शरीरात ते फार गरजेचं असतं, नाहीतर आपलेच शिपाई आपल्याच सांध्यांवर, थायरॉइडवर तुटून पडतील. या पेशींच्या आणि फॉक्सपी३ च्या शोधासाठी २०२५ चं नोबेल मेरी ब्रंकाउ, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळालं. कॅन्सर याच पेशींना आपल्याकडे वळवून घेतो. २००४ च्या १०४ रुग्णांच्या अभ्यासात अंडाशयाच्या गाठीत टी-रेग जास्त तितकं आयुष्य कमी असं दिसलं.

पण नंतरच्या काही अभ्यासांत उलटही दिसलं. जिथे फॉक्सपी३ जास्त तिथे निकाल बरा. कारण बहुधा असं, की जिथे लढाई जोरात तिथे आवर घालणारेही येतात. म्हणून एकट्या फॉक्सपी३ च्या आकड्यावरून मी काही बोलत नाही. सीडी८ आणि टी-रेग यांचं गुणोत्तर जास्त बोलकं असतं. आतले मारेकरी आवरणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतील तर चित्र बरं.

मॅक्रोफेजचंही तसंच. सीडी६८ सगळ्या मॅक्रोफेजवर असतं, सीडी१६३ मुख्यतः गाठीला पोसणाऱ्या, जखम भरण्याच्या वृत्तीच्या मॅक्रोफेजवर. बी पेशी आणि प्लाझ्मा पेशी सीडी८ च्या सोबतीने असल्या तर निकाल आणखी चांगला, असंही दिसून आलंय.

७. हे सगळे अभ्यास परदेशी बायकांचे. सोलापूरच्या बाईला ते लागू पडतील का?

पेशींचं वागणं लागू पडेल. वर्षांचे आकडे जसेच्या तसे नाहीत.

२००३ च्या गाठी इटलीच्या होत्या, २०१७ च्या बहुतेक अमेरिका, कॅनडा, युरोप आणि ऑस्ट्रेलियाच्या. सीडी८ पेशी तिथेही तेच करते, इथेही तेच. आयुष्याची वर्षं मात्र बाई कुठल्या स्टेजला आली, ऑपरेशन किती पुरं झालं, केमोच्या साऱ्या फेऱ्या झाल्या का, यावरही ठरतात. आपल्याकडे पोट फुगतं, भूक मंदावते, सहा महिने 'गॅसेस'ची औषधं चालतात, आणि पोटात पाणी झाल्यावर सोनोग्राफी होते. विडी वळणारी बाई खाड्याचा दिवस टाळण्यासाठी आणखी एक महिना काढते. तो महिना कुठल्याच मार्करमध्ये उमटत नाही.

भारतात २०२२ मध्ये अंडाशयाच्या कॅन्सरच्या सुमारे ४७ हजार नव्या रुग्णांचा अंदाज होता. रुग्ण मोजण्याच्या कामात आपला जिल्हा मागे नाही. बार्शीला १९८७ पासून कॅन्सर नोंदणी चालते, आणि ती देशातली ग्रामीण भागातली पहिली. पण नोंदणीत रुग्ण मोजले जातात, गाठीतल्या टी पेशी नाहीत.

८. आमच्या रिपोर्टमध्ये यातलं काहीच नाही. डॉक्टरांचं राहून गेलं का?

राहून गेलेलं नाही. गाठीतल्या सीडी८ पेशी मोजणं हा अंडाशयाच्या कॅन्सरच्या नेहमीच्या तपासणीचा भाग नाही, इथेही नाही आणि परळच्या टाटा हॉस्पिटलातही नाही. कारण सरळ आहे: त्या आकड्याने आज उपचार बदलत नाही. जास्त आल्या म्हणून केमो कमी करत नाहीत, कमी आल्या म्हणून दुसरी देत नाहीत. घरून पैसे घालून ही तपासणी करू का, असं विचाराल तर माझं उत्तर 'नको' असंच आहे. तेच पैसे बीआरसीए या जनुकांच्या तपासणीला ठेवा (प्रश्न १४).

९. मग पुढे काय होईल ते डॉक्टर कशावरून सांगतात?

स्टेज. ऑपरेशननंतर डोळ्याला दिसेल अशी गाठ मागे उरली का. कॅन्सरचा प्रकार आणि ग्रेड. बीआरसीए आणि एचआरडी (गाठीची डीएनए दुरुस्ती बिघडली आहे का). प्लॅटिनमच्या केमोला (कार्बोप्लॅटिनसारखी औषधं) गाठ किती दाद देते आणि सीए-१२५ किती वेगाने उतरतो. रुग्णाची एकूण तब्येत. या सगळ्यांनंतर सीडी८ चा नंबर लागतो.

यातला दुसरा मुद्दा लोक विचारतच नाहीत. ऑपरेशननंतर सर्जनला जरूर विचारा: "मागे काही राहिलं का? किती?" त्या एका उत्तरात माझ्या सगळ्या तपकिरी ठिपक्यांपेक्षा जास्त माहिती असते. सीए-१२५ हा रोगप्रतिकारक पेशींचा मार्कर नाही, तो मुख्यतः गाठीकडून रक्तात येणारा पदार्थ आहे.

१०. साध्या सीबीसीवरून एनएलआर काढून भविष्य कळतं म्हणे. आमचा ४.५ आलाय!

एनएलआर म्हणजे न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट. न्यूट्रोफिल ७२ टक्के आणि लिम्फोसाइट १६ टक्के असतील तर ७२ भागिले १६, म्हणजे ४.५. उपचारांआधी हा आकडा जास्त असलेल्या रुग्णांच्या गटाचा निकाल सरासरीने वाईट दिसतो, हे अनेक अभ्यासांत आलंय. न्यूट्रोफिल वाढणं ही शरीरातल्या जळजळीची निशाणी, लिम्फोसाइट घटणं ही लढणारे कमी झाल्याची. शिवाय सीबीसी स्वस्त, सगळीकडे होते. म्हणून हा आकडा व्हॉट्सॲपवर फार फिरतो.

तुमचा ४.५ बघण्याआधी मी उलट विचारेन: रक्त कधी काढलं?

पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या आधी डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देतात. त्याने काही तासांत न्यूट्रोफिल चढतात आणि लिम्फोसाइट उतरतात. त्यानंतर काढलेल्या रक्ताचा एनएलआर म्हणजे स्टिरॉइडचा एनएलआर. केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन घेतलं असेल तर आकडा कुठल्या कुठे जातो. लघवीचं इन्फेक्शन, दाताचा गळू, ऑपरेशनचा ताजा टाका, यातलं काहीही चालेल. एका काकूंचा एनएलआर ९ आला म्हणून घरात रडारड झाली. पायाला गळू झालेलं त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. गळू फोडलं, दहा दिवसांनी ३ च्या खाली.

दुसरी अडचण सीमारेषेची. कुठल्या अभ्यासात ती २ च्या आसपास, कुठे ४-५ पर्यंत. सगळ्यांनी मान्य केलेली रेषा नाही. म्हणून एका सीबीसीवरून काही ठरवू नका, आणि दर केमोआधीच्या सीबीसीचा एनएलआर काढून तक्ता तर मुळीच करू नका. डॉक्टर तेव्हा सीबीसी बघतात ती पुढची केमो झेपेल का एवढ्यासाठी.

११. दोन लॅबचे दोन आकडे आले. एकीकडे 'जास्त', दुसरीकडे 'मध्यम'. खोटं कोण?

बहुधा कोणीच नाही. वेगळा ब्लॉक, वेगळी अँटीबॉडी, वेगळी मोजणी. एकीने सर्वांत गर्दीची जागा निवडली असेल, दुसरीने सगळ्या कापाची सरासरी घेतली असेल. एकीचं 'जास्त' वीस पेशींपासून सुरू होत असेल, दुसरीचं टक्क्यांवरून ठरत असेल. अंडाशयाची गाठ कधी नारळाएवढी असते. तिचे पंधरा ब्लॉक करतो आणि त्यातला एक तपासणीला जातो. सोलापुरी चादरीचा एक कोपरा बघून सगळी नक्षी सांगण्यासारखंच.

आणि एक दुखरी गोष्ट. नमुना वेळेत आणि पुरेशा फॉर्मालिनमध्ये (पेशी टिकवणाऱ्या द्रावणात) गेला नाही तर कुठलीच मोजणी धड होत नाही. एकदा तालुक्याच्या गावाहून अख्खी गाठ सलाइनमध्ये बुडवून, झाकण न बसणाऱ्या बरणीत, एसटीने आली. दिवस एप्रिलचे. कॅन्सर आहे एवढं कळलं, बाकी पेशींचा चिखल झाला होता. गाठ काढायच्या आधीच हॉस्पिटलला विचारा: "फॉर्मालिन आहे ना? मोठी बरणी आहे ना?"

१२. बायोप्सीत सीडी८ कमी होत्या. तीन केमोनंतर ऑपरेशन झालं, तेव्हा जास्त आल्या. कुठलं धरायचं?

दोन्ही खरे. केमोने कॅन्सरच्या पेशी फुटतात, त्यांचा माल बाहेर पडतो, शरीराला शत्रू नव्याने दिसतो. त्यामुळे केमोनंतर गाठीत टी पेशी वाढलेल्या बऱ्याचदा दिसतात. पण प्रश्न ४ मधले आकडे मुख्यतः केमोआधीच्या गाठींचे आहेत. ते केमोनंतरच्या गाठीला लावू नका. केमोनंतरच्या नमुन्यात माझं पहिलं लक्ष जिवंत कॅन्सर किती उरलाय याकडे असतं, आणि तुमच्या डॉक्टरांचंही तेच असेल.

१३. आमचा प्रकार 'क्लिअर सेल' आहे. हेच नियम?

नाही. वरचं बहुतेक सगळं हाय-ग्रेड सिरसचं आहे. क्लिअर सेल, म्युसिनस, लो-ग्रेड सिरस हे नावाने एका घरातले असले तरी स्वभावाने वेगळे आजार आहेत, आणि त्यांच्यात सीडी८ चा अर्थ तितका पक्का नाही. एंडोमेट्रिऑइड आणि क्लिअर सेल प्रकारात एमएमआर तपासणी (डीएनएमधल्या चुका दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांची, लसीची नव्हे) झाली का ते विचारा. तिच्यात बिघाड निघाला तर उपचारांचा एक वेगळा दरवाजा उघडतो, आणि घरात आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कॅन्सरचा वारसा आहे का तेही बघावं लागतं.

१४. बीआरसीए आणि या पेशींचा काही संबंध आहे का?

आहे. बीआरसीए१ बिघडलेल्या गाठींना आपला डीएनए नीट दुरुस्त करता येत नाही. चुका साठतात, त्यातून विचित्र प्रथिनं बनतात आणि टी पेशींना ती ओळखू येतात. म्हणून अशा गाठींत सीडी८ जास्त सापडतात. २०१७ च्या अभ्यासात बीआरसीए१ बिघाड असो वा नसो, सीडी८ चा फायदा दिसला. बीआरसीए२ च्या गटात मात्र तो दिसला नाही.

एवढं वाचून सीडी८ वरून बीआरसीएचा अंदाज बांधू नका. बीआरसीएची तपासणी स्वतंत्रच करायची, कारण तिने उपचार खरोखर बदलतात. ओलापॅरिब या गोळीच्या मोठ्या अभ्यासात, बीआरसीए बिघाड असलेल्या आणि पहिल्या केमोला दाद दिलेल्या रुग्णांपैकी सात वर्षांनी गोळी घेणाऱ्या ६७ टक्के हयात होत्या, न घेणाऱ्या सुमारे ४७ टक्के. शिवाय बिघाड आनुवंशिक असेल तर मुली, बहिणी, मावश्या यांनाही कळायला हवं, आणि भावांनाही. तो वडिलांकडूनही येतो. "आमच्या आईच्या माहेरी कुणाला नाही" एवढ्यावर थांबू नका.

१५. पेशी भरपूर आहेत. मग इम्युनोथेरपी चालेलच ना? पीडी-एल१ करून घेऊ?

तर्क बरोबर वाटतो, पण अंडाशयाने तो वर्षानुवर्षं खोटा पाडला. टी पेशीवर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो, आणि पीडी-एल१ हा तो दाबणारा रेणू. हा ब्रेक काढणाऱ्या औषधांमागच्या (हीच इथली इम्युनोथेरपी) शोधाला २०१८ चं नोबेल मिळालं आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचं चित्र बदललं. अंडाशयात त्यातलं पेम्ब्रोलिझुमॅब एकटं दिल्यावर शंभरात साधारण आठ जणींचीच गाठ आक्रसली. पीडी-एल१ जास्त असलेल्यांत थोड्या अधिक, पण फार नाही. अ‍ॅव्हेल्युमॅब आणि अटेझोलिझुमॅब ही तशीच औषधं पहिल्या केमोला जोडून पाहिली. त्यांनीही अपेक्षित फायदा दिला नाही.

अपवाद अलीकडचा. प्लॅटिनम संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत आजार उलटला, तर त्याला प्लॅटिनम-रेझिस्टंट म्हणतात. अशा रुग्णांत पॅक्लिटॅक्सेल दर आठवड्याला आणि सोबत पेम्ब्रोलिझुमॅब, असा मेळ घातल्यावर आयुष्य काही महिन्यांनी वाढल्याचे निकाल २०२५ मध्ये आले. तुमचे डॉक्टर नेमक्या या टप्प्यावर पीडी-एल१ करायला सांगत असतील तर त्यामागे कारण आहे. पहिल्याच ऑपरेशननंतर कुणी सांगत असेल तर "याने काय बदलणार?" हे विचारा. औषध महाग आहे. शेत विकायच्या आधी दुसरं मत घ्या, मग हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जावं लागलं तरी चालेल.

१६. प्रतिकारशक्ती वाढवणारा काढा दिला तर सीडी८ वाढतील का?

गाठीच्या आत सीडी८ वाढवणारा काढा सिद्ध झालेला नाही. केमो चालू असताना तर काढे नकोतच. गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी भारतातूनच प्रसिद्ध झाल्या आहेत, आणि यकृत बिघडलं की केमो पुढे ढकलावी लागते. कडक भाकरी दुधात कुस्करून, शेंगाची चटणी झेपेल तेवढीच, डाळ, अंडं चालत असेल तर अंडं. पोट धरेल ते खायला द्या.

१७. ब्लॉक मुंबईला न्यायचाय. नेताना काय काळजी घ्यायची?

ब्लॉक मेणाचा असतो. हे मेण ५६ ते ६० अंशांच्या आसपास वितळतं, आणि मे महिन्यात उन्हात लावलेल्या बंद गाडीत डॅशबोर्ड तेवढा तापू शकतो. एकांनी पाच ब्लॉक स्कूटरच्या डिकीत ठेवून दुपारभर होटगी रोडवर कामं उरकली. माझ्याकडे आले तेव्हा दोन ब्लॉक एकमेकांना चिकटले होते आणि नंबर पुसट. ते सोडवले, पण तासभर गेला आणि माझा पाराही चढला.

ब्लॉक प्लास्टिकच्या डबीत, कापसात, आपल्या हातातल्या पिशवीत ठेवा. सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्रीची आहे, ते बरंच. मूळ रिपोर्टची झेरॉक्स सोबत हवी, त्यावर ब्लॉक नंबर असतात. सगळे ब्लॉक एकदम देऊ नका. कुठला न्यायचा ते लॅबला विचारा आणि देता-घेताना सही घ्या. फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही. देवघरातही नको, तिथे समई असते.

१८. वहिनींच्या गाठीत सीडी८ 'खूप जास्त' होत्या. तरी आठ महिन्यांत आजार उलटला. रिपोर्ट चुकीचा होता का?

चुकीचा असेलच असं नाही. या प्रश्नाला उत्तर देताना मलाही जपून बोलावं लागतं.

एक तर प्रगत अवस्थेत हा आजार बहुतेकांत कधी ना कधी उलटतो. पाच वर्षांचं मध्यक म्हणजे निम्म्या त्याआधी गेल्या, हे प्रश्न ४ मध्ये आलंच आहे. दुसरं, गाठीत शिरलेल्या टी पेशी थकतात. त्यांच्यावर पीडी-१ सारखे ब्रेक चढतात. काचेवर त्या तपकिरी दिसतात, मी त्या मोजते, पण त्या लढतायत की नुसत्या उभ्या आहेत हे तपकिरी रंगावरून कळत नाही.

तिसरं कारण मला सगळ्यांत पटतं. मी मोजलं ते अंडाशयातल्या एका ब्लॉकमधलं. आजार पोटाच्या पडद्यावर, ओमेंटमवर (आतड्यांवरचा चरबीचा पदर), यकृताच्या कडेला, अशा कितीतरी ठिकाणी असतो आणि प्रत्येक ठिकाणची लढाई वेगळी. २०१७ मध्ये एकाच रुग्णाच्या वेगवेगळ्या गाठींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आक्रसणाऱ्या गाठींत टी पेशी शिरलेल्या होत्या, वाढणाऱ्या गाठींनी त्यांना बाहेर रोखलं होतं. शरीर एकच, औषध एकच, आणि वेळही तीच.

वहिनींच्या बाबतीत आता जुना सीडी८ आकडा बाजूला ठेवा. शेवटचं प्लॅटिनम कधी संपलं ते तारखेसकट लिहून काढा, कारण हे आठ महिने प्लॅटिनम संपल्यापासूनचे असतील तर ते सहाच्या पलीकडे, आणि त्यावर पुन्हा प्लॅटिनम द्यायचं का ते ठरतं. बीआरसीए झालं नसेल तर आता करा. नव्या गाठीतून सुईने तुकडा घेणं शक्य आहे का तेही विचारा. जुने ब्लॉक लॅबकडे असतील. नंबर पाठवा, शोधून ठेवते.